बुडीत कारखाना आणि कामगाराचा पुरावा

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

१ सप्टेंबर २०२१ ची सकाळ मला चांगली आठवते. मी तेव्हा दहावीत होते आणि शाळा मोबाइलवर चालत होती. आबा पहिल्या पाळीचा डबा घेऊन सायकलवरून गेले आणि नऊच्या सुमारास तो भरलेला डबा तसाच घेऊन परत आले. फाटकावरच्या वॉचमनने ‘आतून निरोप आहे, यादीतल्या कुणाला आत सोडायचे नाही,’ एवढेच सांगितले होते. कागद नाही, सही नाही, कारण नाही. अठरा वर्षांची नोकरी एका तोंडी निरोपाने संपली. त्यापूर्वीच्या एप्रिलपासूनचा पाच महिन्यांचा पगारही कारखान्याकडेच अडकला होता. पुढच्या वर्षी तो कारखानाच दिवाळखोरीत गेला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे जो कागद येई तो वाचण्याचे काम माझ्याकडे आले. चार वर्षांत जे वाचले, विचारले आणि चुकतमाकत शिकले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. परंतु आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलामुलींचे आईवडील कारखान्यांत आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये. आलीच तर काय सांभाळावे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

एक तक्रार, दोन दावे

आम्ही आरंभी एकच गोष्ट म्हणत होतो: ‘आमच्यावर अन्याय झाला.’ वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत या वाक्याचे दोन तुकडे केले. केलेल्या कामाचे पैसे मिळाले नाहीत, हा एक दावा. कामावरून काढले ते बेकायदा, हा दुसरा. पहिला हिशेबाचा आहे आणि दुसरा वादाचा. हिशेब कागदांनी सिद्ध होतो. वादाला मात्र न्यायाधीश लागतो.

त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातही (१९४७) हा भेद होता. त्याच्या कलम ३३सी(२) खाली कामगार न्यायालय येणे रक्कम मोजून देत असे. पण ती रक्कम मिळण्याचा हक्क आधीच ठरलेला असावा लागे. नोकरी संपली ती कायदेशीर की बेकायदा, यावरच तंटा असेल तर तो तंटा आधी स्वतंत्रपणे सोडवून घ्यावा लागे. मालक धडधाकट असेल तर या भेदाने फक्त उशीर होतो. मालक बुडाला असेल तर याच भेदावर सारे अवलंबून राहते. ते कसे, हे पुढे येईलच.

न मिळालेला पगार कसा सिद्ध करायचा?

मिळालेल्या पैशाची पावती असते. न मिळालेल्या पैशाची कोठून आणायची? या प्रश्नाने आम्ही बरेच दिवस अडलो. उत्तर घरातच होते. आबांचा पगार बँकेत जमा होई. बँकेच्या पासबुकात मार्च २०२१ पर्यंत दरमहा नोंद होती आणि एप्रिलपासून काहीच नव्हते. दुसरीकडे भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात एप्रिल व मे या महिन्यांची वर्गणी जमा झालेली दिसत होती. वर्गणी पगारावर भरली जाते. म्हणजे आबा कामावर होते, त्यांचा पगार धरला गेला होता, हे मालकाच्याच नोंदीने सिद्ध झाले; आणि तो हाती आला नाही, हे बँकेने सांगितले. एकेक पासबुक निराळे वाचले तर अर्धेच बोलते. दोन्ही शेजारी ठेवली की पुरावा पुरा होतो.

जून ते ऑगस्टसाठी वर्गणीही भरलेली नव्हती. तेथे सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरील रोजच्या पाळ्यांचे निरोप कामास आले. आबांची खिशातली डायरी होती, आणि बरोबरीच्या चौघांनी प्रतिज्ञापत्रे दिली. शिल्लक रजेचे मात्र काही जमले नाही. चोवीस दिवसांची रजा बाकी होती, पण रजेचे पुस्तक कारखान्यात राहिले आणि आमच्यापाशी त्याची नक्कल नव्हती. तो दावा पुढे नामंजूर झाला. आबा आजही म्हणतात, ‘रजा घेतली असती तर बरे झाले असते.’

स्वतःचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नसते, हेही येथे सांगायला हवे. कपातीचे संरक्षण मिळण्यासाठी कामगाराने वर्षात २४० दिवस काम केल्याचे दाखवावे लागे, आणि ते दाखवण्याची जबाबदारी कामगाराची. आर. एम. येल्लत्ती खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. पण त्याच निकालात वाटही दाखवली आहे: कामगाराने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगावे, आपल्यापाशी असेल ती नेमणुकीची वा पगाराची चिठ्ठी दाखवावी, आणि मालकाकडून हजेरीपट व पगारपत्रक मागवावे. मागितलेच नाही, तर ‘मालकाने दडवले’ असे म्हणता येत नाही.

काढले की सोडून गेले?

बडतर्फीच्या दाव्यात आम्हाला सर्वांत मोठा धक्का बसला तो कंपनीच्या उत्तराने. ‘आम्ही कुणाला काढले नाही, कामगार स्वतःहून यायचे बंद झाले.’ तोंडी निरोप देण्यामागचे कारण तेव्हा मला कळले. कागद दिला असता तर आम्हाला पुरावा मिळाला असता.

सुदैवाने शेजारच्या कारखान्यातील युनियनचे एक जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात आबांना बसवून एक पत्र लिहवून घेतले होते. ‘मी रोज फाटकावर येत आहे, काम करण्यास तयार आहे, मला आत घेतले जात नाही.’ ६ सप्टेंबरला ते रजिस्टरने गेले आणि पोचपावती परत आली. आबांना तेव्हा टपालाचा तो खर्चही वायफळ वाटला होता. पुढे सगळ्या खटल्यात त्या गुलाबी पावतीइतका भक्कम कागद दुसरा ठरला नाही. नोकरी सोडून जाणारा माणूस ‘मला आत घ्या’ असे पत्र पाच दिवसांत पाठवत नाही.

दुसरा पुरावा मला स्वतःला सापडला, हे लिहिताना थोडा अभिमान वाटतो. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर प्रत्येक सभासदाच्या नोकरीचा तपशील दिसतो. त्यात नोकरी संपल्याची तारीख असते. आबांच्या नावापुढे मालकाने ३१ ऑगस्ट २०२१ ही तारीख भरली होती. मी आबांच्या बरोबरच्या आणखी आठ जणांकडे जाऊन त्यांचेही तपशील काढले. नऊच्या नऊ जणांपुढे तीच तारीख! एखादा माणूस काम सोडून जाऊ शकतो. नऊ माणसे, न ठरवता, एकाच दिवशी सोडून जात नाहीत.

कायदाही येथे कामगाराच्या बाजूने होता. डी. के. यादव खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, गैरहजेरीच्या कारणाने आपोआप नोकरी गेली असे मानायचे असले तरी कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आमच्याकडे कुणाला साधी नोटीसही आली नव्हती. वकीलसाहेबांनी अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली (१९७१) कामगार न्यायालयात तक्रार केली. तिची मुदत नव्वद दिवसांची होती. आमची तक्रार २४ नोव्हेंबरला दाखल झाली, म्हणजे जेमतेम पाच दिवस राखून.

याच तक्रारीत घरात एक पेच उभा राहिला. आबा जानेवारी २०२२ पासून एका गोदामात रात्रीचे वॉचमन म्हणून जाऊ लागले होते. पगार जुन्याच्या निम्माही नव्हता. ‘हे कोर्टात सांगू नका, मागचा पगार बुडेल,’ असा सल्ला गल्लीतल्या चौघांनी दिला. वकीलसाहेब म्हणाले, सांगायचेच. दीपाली सुरवसे खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे की, बेकायदा काढलेल्या नोकरास मागील पगार मिळणे हा सर्वसाधारण नियम. मात्र आपण बेकार होतो, किंवा कमी पगारावर काम करीत होतो, हे त्याने सांगावे. मग उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. कमी पगाराचे काम केले म्हणून हक्क जात नाही. पण ते लपवले आणि उघडे पडले तर बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. आबांनी गोदामाचे नाव, पाळी आणि पगार सारे लिहून दिले.

दिवाळखोरी आली आणि खटला थांबला

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या एका धनकोच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने नादारी व दिवाळखोरी संहितेखाली (२०१६) प्रक्रिया सुरू केली. आम्हाला ती बातमी कोर्टातून किंवा कंपनीतून कळली नाही. आमच्या मामांनी सलूनमध्ये बसल्या बसल्या वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचली आणि पान मागून आणले. दावा दाखल करण्यास चौदा दिवसांची मुदत होती. उशिराचा दावा नव्वदाव्या दिवसापर्यंत घेता येत असे. ज्यांनी ते पान पाहिले नाही, त्यांच्यापैकी काहीजण राहून गेले.

त्या आदेशाबरोबर संहितेच्या कलम १४ प्रमाणे कंपनीविरुद्धचे सर्व दावे स्थगित झाले. आमचा कामगार न्यायालयातील खटलाही जागच्या जागी थांबला. आता दावा मांडायचा तो न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलपुढे, कामगारांसाठी असलेल्या ‘फॉर्म डी’मध्ये. त्यासाठी नियमांत सांगितलेला पुरावा तीन प्रकारचा: नोकरी असल्याचा कागद, पैसे मागितल्याची नोटीस व ते न मिळाल्याचा पुरावा, किंवा न्यायालयाचा आदेश. आम्ही पुढीलप्रमाणे हिशेब लिहिला.

१) पाच महिन्यांचा पगार, दरमहा १७,००० प्रमाणे: ८५,००० रुपये.
२) नोटिशीच्या एका महिन्याचा पगार: १७,००० रुपये.
३) कपातीची भरपाई, दरवर्षी पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे ८,५०० गुणिले १८: १,५३,००० रुपये.
४) ग्रॅच्युइटी: मूळ पगार व महागाई भत्ता १५,६००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले १८: १,६२,००० रुपये.
५) शिल्लक रजा, चोवीस दिवस.
६) बेकायदा बडतर्फीबद्दल मागील पगार व भरपाई, कामगार न्यायालयात प्रलंबित. ही मंजूर झाल्यास क्रमांक २ व ३ तीत वळते करून घ्यावेत.

पहिल्या चार बाबींची बेरीज ४,१७,००० रुपये होते. ग्रॅच्युइटीत महिन्याचे दिवस २६ धरतात, कपातीच्या भरपाईत तसे धरत नाहीत. ही चूक आमच्या पहिल्या मसुद्यात झाली होती.

आता वर सांगितलेला भेद येथे येऊन भिडला. रिझोल्यूशन प्रोफेशनल हा न्यायाधीश नव्हे. तो कागद पडताळतो, तंटा सोडवत नाही. स्विस रिबन्स खटल्यात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले आहे. त्यामुळे पगार आणि ग्रॅच्युइटी त्याने मान्य केली. ‘काढले की सोडले’ यावर तंटा आहे म्हणून नोटीस व कपातीची भरपाई त्याने नाकारली. आणि सहाव्या बाबीपुढे मंजूर रक्कम लिहिली: एक रुपया.

आबांना वाटले टंकलेखनात चूक झाली असेल. ती चूक नव्हती. ज्या दाव्याचा निकाल लागलेला नाही त्याची नोंद राहावी म्हणून नाममात्र एक रुपया धरण्याची पद्धत आहे, आणि एस्सार स्टीलच्या मोठ्या प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आहे. तेथे कोट्यवधींच्या दाव्यांसाठी जो नियम लागला, तोच आमच्या घरालाही लागला. अठरा वर्षे काम करणाऱ्या माणसाला फाटकावरून परत पाठवले, या गोष्टीची किंमत न्यायालय बोलेपर्यंत एक रुपया. आणि ज्या न्यायालयाने बोलायचे, ते स्थगितीमुळे थांबलेले!

कंपनी घ्यायला कुणी पुढे आले नाही. ३० जून २०२३ रोजी अवसायनाचा आदेश झाला. त्याने एक चांगली गोष्ट केली: जुनी स्थगिती संपली आणि आमचा आधीच दाखल असलेला खटला पुन्हा सुरू झाला. नवा खटला मात्र आता कुणालाच घालता आला नसता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते पाच दिवस चुकले असते तर सहावी बाब कायमचीच गेली असती. लिक्विडेटरपुढे आम्ही पोचपावती आणि नऊ जणांच्या तारखा पुन्हा मांडल्या. त्यांनी नोटीस व कपातीची भरपाई मंजूर केली. रजा नामंजूर झाली आणि तो एक रुपया तसाच राहिला.

रांगेतली जागा

दावा मंजूर झाला म्हणजे पैसे मिळाले, असे नव्हे. पैसे थोडे आणि घेणारे फार, म्हणून कायद्याने रांग लावलेली असते. या रांगेत कामगाराला जागा मिळण्यासही झगडावे लागले आहे. कंपनी मोडीत काढण्याच्या अर्जावर कामगारांनाही बोलण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात डिसेंबर १९८२ मध्ये बहुमताने सांगितले. मुंबईत गिरणी संप चालू होता तेच हे वर्ष. पुढे १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीला आली.

२०१६ च्या संहितेच्या कलम ५३ मध्ये ती बरोबरी राहिली, पण तिला कुंपण पडले. प्रक्रियेचा खर्च सर्वांत आधी. त्यानंतर, आपले तारण सामाईक भांड्यात टाकणाऱ्या बँका आणि कामगार एका ओळीत. परंतु कामगारांची अवसायनापूर्वीच्या फक्त चोवीस महिन्यांचीच देणी. त्यापूर्वीची देणी खाली, सरकारी थकबाकीच्याही मागे जातात. ही रचना घटनाबाह्य असल्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने मोझर बेअर कामगार संघटनेच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये फेटाळले.

आमच्या हिशेबाला हे कुंपण कसे लागले पहा. आदेश ३० जून २०२३ चा, म्हणून चोवीस महिने मोजले ते जुलै २०२१ पासून. जुलै व ऑगस्टचे ३४,००० रुपये वरच्या ओळीत बसले. नोटीस व कपातीची भरपाई सप्टेंबर २०२१ मध्ये देय झाली, तीही बसली. एप्रिल, मे आणि जून यांचे ५१,००० रुपये बाहेर पडले. यांतील एप्रिल व मे हे आमचे सर्वांत पक्के सिद्ध झालेले महिने! दोन पासबुके शेजारी ठेवून सिद्ध केलेले. आदेश तीन महिने आधी झाला असता तर तेही आत आले असते.

ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधी यांची गोष्ट निराळी. त्या निधींतील कामगारांचे येणे हे कंपनीच्या वाटायच्या मालमत्तेत धरतच नाहीत. जेट एअरवेजच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ही देणी पूर्ण द्यावीत असे सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यात हात घातला नाही. पण त्याच जेट एअरवेजच्या अवसायनाचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच द्यावा लागला. विमाने थांबून तेव्हा साडेपाच वर्षे झाली होती.

आबांना २०२५ मध्ये ग्रॅच्युइटीचे १,६२,००० रुपये मिळाले. यंत्रे व शेड विकून वरच्या ओळीतल्यांना रुपयाला पस्तीस पैसे आले. २,०४,००० वर ते ७१,४०० होतात. एप्रिल ते जूनच्या कामाबद्दल एक पैसाही आलेला नाही. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘तारण’ शिकवले तेव्हा बाकावर बसून माझ्या मनात हाच हिशेब चालला होता. बँकेपाशी तारण असते. कामगाराने महिनाभर काम आधी करायचे आणि पगार नंतर घ्यायचा, म्हणजे तोही मालकाला कर्जच देतो. त्याच्यापाशी तारण काय?

काय सांभाळावे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायदा, वेतन प्रदान कायदा यांची जागा त्यांनी घेतली. वेतन संहितेत पगारचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे, दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि पगार दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. हे चांगलेच झाले. पण दिवाळखोरीत ज्याच्यावर भार टाकायचा तो मालकच उरलेला नसतो, त्याचे दप्तर कुठे गेले हेही कुणाला ठाऊक नसते. तेथे शेवटी कामगाराच्या घरातलेच कागद बोलतात.

म्हणून मैत्रिणींनो, मित्रांनो, आज घरी गेल्यावर आईवडिलांना एवढे विचारा. नेमणुकीचे पत्र आणि ओळखपत्र कोठे आहे? दोन्ही पासबुके भरलेली आहेत का? भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला मोबाइल जोडला आहे का? हजेरी आणि रजा स्वतःच्या वहीत लिहिता का? पगार दोन महिने थकला तर लेखी मागा. फाटकावरून परत पाठवले तर त्याच आठवड्यात पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवा आणि पोचपावती जपा. बडतर्फीचा वाद असेल तर कंपनी बुडण्याआधी न्यायालयात जा; नंतर ते दार बंद होते. आणि एकट्याने जाऊ नका. आमच्या नऊ तारखांपैकी एकच असती, तर तिला कुणी विचारले नसते.

आबांची साक्ष गेल्या डिसेंबरात पूर्ण झाली. उलटतपासणीत त्यांना विचारले, ‘तुम्ही रात्री गोदामावर काम करता ना?’ ते म्हणाले, ‘होय, मीच लिहून दिले आहे.’ पुढचा प्रश्न आला नाही. निकाल अजून लागायचा आहे. अंतिम वाटपापूर्वी तो लागला, तर सहाव्या बाबीपुढच्या त्या एका रुपयाच्या जागी दुसरा आकडा येईल. पुढच्या तारखेला माझा तास बुडणार आहे. त्याबद्दल सरांची आगाऊ क्षमा मागते.